खोलीतली दुसरी बाई

मी विचार करताना बोलते, आणि तेही तोंडाने. भाजीत मीठ पडलं की नाही इथपासून प्रोग्राम कुठे अडकलाय इथपर्यंत सगळं मला आधी ओठांवर आणावं लागतं, तेव्हा कुठे ते डोक्यात शिरतं. ऑफिसमध्ये शेजारी बसणाऱ्यांना याची सवय झाली होती. नवीन कोणी आलं की जुनी मंडळी त्याला सांगायची, ती तुझ्याशी बोलत नाहीये, तू तुझं काम कर.

ही सवय आईमुळे लागली. आई नागपूरला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता माझा अभ्यास घ्यायची. हात पिठाचे, पाठ माझ्याकडे, त्यामुळे वहीत डोकावणं तिला जमायचं नाही. मी प्रत्येक पायरी मोठ्याने सांगायची आणि ती ऐकायची. गणित बरोबर चाललं असेल तोवर लाटण्याचा आवाज येत राहायचा. तो थांबला की मी पेन्सिल खाली ठेवायची, कारण पुढचं वाक्य ठरलेलं होतं.

"अगं बावळट, काहून घाई करून राहिली? आधी शून्य टाकून पाहून घे ना."

शून्य टाकून पाहणं हा तिचा सगळ्या रोगांवरचा इलाज होता. सूत्र कितीही मोठं असो, त्यात आधी शून्य घाल, ते तिथेच तुटत असेल तर पुढे जाऊ नकोस. संगणकाचं शिक्षण घेताना मला कळलं की जगभरचे प्रोग्राम लिहिणारे हेच करतात, फक्त त्याला भारी नाव देतात.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी पुण्याच्या माणसाशी लग्न केलं, आम्ही दोघं नोकरीसाठी बेंगळुरूला आलो आणि मल्लेश्वरममध्ये एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. घरात नवऱ्याचीच मराठी चालते, निम्मी इंग्रजी मिसळलेली. बाहेर हिंदी, दुकानात तोडकंमोडकं कन्नड. माझी नागपुरी बोली फक्त एकाच ठिकाणी उरली, ती म्हणजे गणित सोडवताना. कीबोर्डवर हात ठेवला की पायऱ्या मी रोजच्या मराठीत सांगते आणि मग नागपुरीत मलाच बावळट म्हणते, मलाच घाई करू नको म्हणून दटावते आणि शून्य टाकून पाहते. यात काही विचित्र आहे असं मला मागच्या वर्षापर्यंत कधी वाटलं नव्हतं.

मागच्या वर्षी आमच्या कंपनीने आमचा सगळा विभागच बंद केला. सकाळी मीटिंगचं बोलावणं आलं, पडद्यावर एका गोड चेहऱ्याच्या बाईंनी आमच्या योगदानाबद्दल आभार मानले आणि त्यांचं बोलणं संपतंय तोवर माझ्या लॅपटॉपने पासवर्ड घेणं सोडून दिलं. चहाचा कपसुद्धा टेबलावर राहिला. तो माझ्या आवडीचा कप होता, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नोकरी शोधणं म्हणजे काय असतं ते मी विसरून गेले होते. दिवसभर भरती करणाऱ्या एजन्सीच्या मुलामुलींचे फोन. प्रत्येकाला तेच हवं, आत्ताचा पगार किती, अपेक्षा किती, नोटिस पिरियड किती. आमच्या धंद्यात नोकरी सोडायची तर तीन-तीन महिने आधी सांगावं लागतं, त्यामुळे सगळ्यांना ताबडतोब रुजू होणारा माणूस हवा असतो. मी सांगायची, उद्या येते. की समोरचा आवाज लगेच सावध. उद्या कशा काय येऊ शकता मॅडम, म्हणजे सध्या नोकरी नाही का? आणि नोकरी नाही म्हणजे काहीतरी भानगड असणार. ताबडतोब येणारा माणूस पाहिजे, पण तो कुठेतरी चिकटलेला पाहिजे. असा माणूस कुठे मिळतो ते त्यांनी मला एकदा दाखवावं.

कित्येक जाहिराती तर महिनोन्महिने तशाच टांगलेल्या. अर्ज केला की पोचसुद्धा नाही, आणि पुढच्या आठवड्यात तीच जाहिरात "नवीन" असा टिळा लावून पुन्हा हजर. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंना याचं फार नवल वाटायचं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. बोलतात मराठीच, पण तिच्यात कन्नड अशी मुरलेली की त्यांना स्वतःलाही कुठलं काय ते सांगता येत नाही. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही म्हणते. त्या रोज जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून विचारायच्या, "काय ग, आज पण सुम्ने बसलीस?" सुम्ने म्हणजे उगीच, रिकामी. मग माझा चेहरा बघून म्हणायच्या, "असू दे, स्वल्प कॉफी घे."

शेवटी एका एजन्सीतल्या मुलीने एक जागा आणली. हॉटेलांचं बुकिंग सांभाळणारी कंपनी, माझ्या अनुभवाला अगदी चपखल काम. पहिल्या फेऱ्या नीट झाल्या. मग प्रोग्राम लिहून दाखवायची फेरी, घरूनच, कॅमेऱ्यासमोर.

हल्ली मुलाखतींमध्ये फसवणूक फार वाढली आहे, हे मलाही ठाऊक आहे. उमेदवार नुसते ओठ हलवतो आणि बोलतो दुसराच, नाहीतर यंत्राकडून उत्तरं काढून वाचून दाखवतात. त्यामुळे आता आधी घराची झडती होते. मला सांगितलं, लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवा. दाखवली. कपाट उघडा. उघडलं. टेबलाखाली कोणी आहे का? नव्हतं. दोरीवर नवऱ्याचे बनियन वाळत होते तेही त्यांनी डोळे भरून पाहिले. केस मागे घ्या, कान दाखवा. या वयात, इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर, मी कॅमेऱ्याला उजवा कान दाखवला आणि मग डावा. रागाने कानशिलं तापली होती, पण मी स्वतःला समजावलं की चोर पकडायचे तर सगळ्यांचीच झडती होणार.

मग प्रश्न आला. हॉटेलातल्या एकाच खोलीची बुकिंगं एकमेकांवर चढली असतील तर ती शोधून काढायची. माझ्या रोजच्या कामातलाच प्रश्न. मी झडती विसरले, कॅमेरा विसरले, कामात बुडाले. प्रोग्राम लिहिला, तो चालला, एक चूक माझी मीच धरली. मुलाखत संपली तेव्हा भूक लागल्याचं जाणवलं, आणि मला वाटलं, ही नोकरी झाली.

दोन-तीन दिवसांनी नकार आला. ते ठरावीक गुळगुळीत इंग्रजी, तुमच्या वेळेबद्दल आभार वगैरे. मी एजन्सीतल्या मुलीला फोन केला. ती आधी टाळत होती, मग म्हणाली, मॅडम, तुम्ही मला चांगल्या वाटता म्हणून सांगते, तुमच्या नावापुढे खूण लागली आहे. परीक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राने खोलीत दुसरी व्यक्ती बोलत असल्याचं नोंदवलंय. गैरप्रकार. आता ती कंपनी पुन्हा बोलावणार नाही, आणि आमच्या एजन्सीच्या नियमाने मलाही तुमचं नाव दुसरीकडे पाठवता येत नाही.

मला आधी कळेना की दुसरी व्यक्ती कोण. मग कळलं, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. एवढंच ना, गैरसमज आहे. मी तिला माझी सवय सांगितली. म्हटलं, त्या यंत्राला मराठी येत नाही. मराठी कळणाऱ्या माणसाला ते रेकॉर्डिंग ऐकवा, तो सांगेल की मी माझ्याशीच बोलत होते. ती मुलगी भली होती. तिने कंपनीला लिहिलं, त्यांनीही त्यांच्याच ऑफिसातला एक पुण्याचा तरुण इंजिनिअर शोधून त्याला ते सगळं ऐकायला बसवलं.

त्याचा अभिप्राय तिने मला फोनवर वाचून दाखवला. खोलीत उमेदवाराखेरीज आणखी एक बाई आहे, याबद्दल शंका नाही. ही दुसरी बाई वयाने मोठी असून विदर्भाकडची असावी, कारण तिची भाषा उमेदवाराच्या भाषेपेक्षा वेगळी आहे. ती उमेदवाराला पुढची पायरी सांगते, घाई करू नको म्हणते, चूक झाली की रागावते. तिने उमेदवाराला तीनदा बावळट म्हटलं आहे. कोणीही माणूस स्वतःला असं बोलणार नाही.

मी हसले. फोन ठेवून पोट धरून हसले. आणि हसता हसता माझं पित्त खवळलं. यंत्राने निदान दुसरी व्यक्ती एवढंच म्हटलं होतं. माझ्या भाषेतल्या माणसाने तिला वय दिलं, गाव दिलं आणि माझ्यावर चोरीचा शिक्का पक्का केला. त्याला मीच बोलावून घेतलं होतं.

नवरा म्हणाला, सोड. या शहरात कंपन्यांची काय कमी आहे, दुसरीकडे बघ, आणि काही दिवस तोंड बंद ठेवायला शीक. त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं. मी ऐकलंसुद्धा. पुढची मुलाखत आली तेव्हा मी दातांखाली वेलदोडा धरला आणि ओठ घट्ट मिटून बसले. प्रश्न सोपा होता. पण डोकं असं मुकाट झालं की काय सांगू. पडद्यावरची अक्षरं दिसत होती, त्यांचा अर्थ लागत नव्हता. मी लिहीत होते, खोडत होते, आणि मला चूक ऐकू येत नव्हती. समोरचा मुलगा सौजन्याने म्हणाला, मॅडम, वेळ संपली. शून्य टाकून पाहायचं मी साफ विसरले होते.

त्या दुपारी मी ठरवलं. नोकरी मिळो न मिळो, मी तोंड मिटून विचार करणार नाही. आणि माझ्या नावापुढची ती खूण मी राहू देणार नाही. जन्मभर मी कुणाची एक ओळ चोरली नव्हती. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणारे लोक पाहिले होते, त्यांना बढत्या मिळतानाही पाहिल्या होत्या. आणि चोर म्हणून नोंद माझी?

मी कंपनीला लिहिलं, उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा नाही. अक्कांना सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी सांगते की त्यांना. मी दारातच बसली होती. जिन्यावरनं कोण आलं नाही, कोण गेलं नाही." मी म्हटलं, अक्का, ते तुम्हालाच दुसरी बाई म्हणतील. त्या म्हणाल्या, "म्हणू दे. मी काय विदर्भाची आहे?"

मग एजन्सीतल्या मुलीकडूनच कळलं की ती कंपनी शनिवारी समोरासमोर मुलाखती घेणार आहे. घरून होणाऱ्या मुलाखतींवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. माझ्यासारख्या चोरट्या बायकांमुळे असेल. माझं नाव यादीत नसणार हे उघड होतं. मी चांगली इस्त्रीची साडी नेसले, मेट्रोने गेले, पुढे रिक्षा केली आणि त्या काचेच्या इमारतीच्या स्वागतकक्षात जाऊन उभी राहिले.

तिथे उमेदवारांचा बाजार भरला होता. माझ्या निम्म्या वयाची मुलं गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे अडकवून, मोबाइलवर प्रश्नोत्तरं पाठ करत बसली होती. काउंटरवरच्या मुलीने यादी वरखाली केली आणि नाव नाही म्हणाली. मी म्हटलं, ठाऊक आहे. ज्या साहेबांकडे ही जागा रिकामी आहे त्यांना निरोप द्या, म्हणावं कॅमेऱ्यात जिच्यासोबत दुसरी बाई सापडली, ती आली आहे. त्या मुलीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आता सुरक्षारक्षकाला बोलावते की काय. पण निरोप दिला.

साहेब स्वतः खाली आले. माझ्याच वयाचे, म्हैसूरकडचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मला वाटलं होतं, ओरडतील, पण त्यांच्यात तेवढं त्राण दिसलं नाही. ते हिंदीत म्हणाले, दुसऱ्या बाईही आल्यात का? मी म्हटलं, आल्यात, वर नेलंत तर भेट घालून देते. ते पहिल्यांदा हसले.

लिफ्टमध्ये त्यांनी आपलं दुखणं सांगितलं. ही जागा कधीची रिकामी होती. दोन माणसं निवडली, दोघांनी होकार दिला, तीन महिन्यांची नोटिस संपेपर्यंत यांनी वाट पाहिली. एकाने यांचं पत्र दाखवून आपल्या जुन्याच कंपनीत पगार वाढवून घेतला. दुसऱ्याने रुजू व्हायच्या दिवशी सकाळी फोन बंद केला. तोवर यांची टीम दोघांचं काम ओढत होती. मला त्यांची कीव आली, आणि रागही. मी उद्या यायला तयार होते आणि यांनी माझे कान तपासले होते.

मी एकच अट घातली. अभिप्राय देणाऱ्या त्या पुण्याच्या मुलालाही खोलीत बसवायचं. तो आला. कपाळावर चढवलेला चष्मा, नमस्कार करावा की हात मिळवावा अशा पेचात पडलेला. मी आधीच बजावलं, मी फळ्यावर लिहिताना मराठीत मोठ्याने बोलणार आहे, आणि स्वतःला बावळटही म्हणणार आहे, कोणी घाबरू नये.

साहेबांनी नवा प्रश्न दिला. आधीच्यापेक्षा बराच अवघड. मी मार्कर उचलला आणि पाठ त्यांच्याकडे केली. पहिल्या ओळी लिहिताना बोलणं जमेना, कारण आता मुद्दाम बोलायचं होतं. मुद्दाम बोललेलं खोटं वाटतं. थोडा वेळ मी नाटकातल्यासारखी बोलत होते, आणि मला भीती वाटली की इथेही फजिती होणार. मग प्रश्नाने मला आत ओढलं. खोली कधी विसरले ते कळलं नाही. अर्धा फळा भरल्यावर काहीतरी खटकलं आणि हात थांबला.

"अगं बावळट, काहून घाई करून राहिली? एकही बुकिंग नसन तर काय होईन याचं? शून्य टाकून पाहून घे ना."

टाकलं. पहिल्याच पायरीवर सगळा डोलारा कोसळत होता. मी ते पुसलं, नीट केलं आणि शेवटपर्यंत नेलं. वळून पाहिलं तर तो मुलगा कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. साहेबांना मराठीचा गंध नव्हता, पण त्यांनी मला मागे फिरताना, दुरुस्त करताना पाहिलं होतं. त्यांनी त्या मुलाकडे बघून फक्त भुवया उंचावल्या.

"मॅडम," तो मुलगा मराठीत म्हणाला, "तुमचा आवाजसुद्धा बदलतो हो. मला खरंच वाटलं, शेजारी कोणीतरी आहे."

"बदलत असेल," मी म्हटलं. "पण तुम्ही मला विचारायचं होतं. एक फोन करायचा होता."

तो खाली बघत सॉरी म्हणाला. मनापासून म्हणाला असावा. मी ते घेतलं, पण त्याला सोपं जावं म्हणून हसले वगैरे नाही.

सोमवारी नोकरीचं पत्र आलं. नवऱ्याने पेढे आणले. मी भरती विभागात फोन करून विचारलं की माझ्या नावापुढची खूण काढली का? तिथली मुलगी म्हणाली, मॅडम, त्यावर वरून मंजुरी घेतली आहे, खूण आता आड येत नाही. म्हणजे खूण आहेच? आहे, पण तो रकाना कोणी बघत नाही. मी म्हटलं, मी बघते. मला लेखी पाहिजे की ती नोंद चुकीची होती, आणि त्याची प्रत एजन्सीलाही गेली पाहिजे. तोवर होकार देणार नाही.

नवऱ्याने डोक्याला हात लावला. तो म्हणाला, इतक्या महिन्यांनी हातात आलेला घास आहे, तू ताट लाथाडतेस. आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्याचं चुकत होतं असं नाही, त्याच्या एकट्याच्या नोकरीवर घर चाललं होतं आणि तीही कधी जाईल याचा भरवसा नव्हता. पण मला ते जमेना. मंजुरी म्हणजे काय, तर ही बाई चोर आहे, तरी आम्ही मोठ्या मनाने घेतली. उद्या तिथे कोणाला माझा काटा काढायचा झाला की हाच न बघितला जाणारा रकाना पहिल्यांदा उघडतील.

साहेबांचाही फोन आला. म्हणाले, असं पत्र द्यायची आमच्याकडे पद्धतच नाही, आजवर कोणी मागितलं नाही, तुम्ही रुजू व्हा, मग बघू. टीमचे हाल चाललेत, ही जागा भरायलाच हवी.

"साहेब," मी म्हटलं, "जागा तुमची रिकामी आहे, पण शिक्का माझ्यावर आहे. तुमची अडचण दूर करायला मी तयार आहे, आधी माझी करा."

ते म्हणाले, बघतो.

ते दिवस वाईट गेले. मी वरवर ताठ होते आणि आतून घाबरले होते. अक्का जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारायच्या, "आलं काय ग?" मी मान हलवायची. त्या म्हणायच्या, "सरी," म्हणजे बरं, "येईल," आणि कॉफीचा पेला हातात द्यायच्या. नवरा रोज संध्याकाळी आल्यावर माझ्या चेहऱ्याकडे पाहायचा. माझं चुकलं असेल का, असा विचार मी भांडी घासताना मोठ्याने करायची. उत्तर दरवेळी तेच यायचं. नाही.

आणि एका दुपारी पत्र आलं. अक्का वरच होत्या, गच्चीवर वाळवण घालून दम खायला माझ्याकडे टेकल्या होत्या. इंग्रजीतलं पत्र मी त्यांना मराठीत सांगत गेले. आम्ही ध्वनिमुद्रण पुन्हा तपासलं आहे. आधीची नोंद चुकीची असून ती रद्द करण्यात येत आहे. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. एजन्सीला प्रत पाठवली आहे. मुलाखतीच्या वेळी उमेदवार खोलीत एकटीच होती. दुसरी कोणतीही स्त्री तिथे नव्हती.

मी जिंकले होते. हेच तर मी मागितलं होतं, शब्दन्‌शब्द हेच, आणि त्यासाठी सगळ्यांशी भांडले होते. अक्का म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं की नाही? कोण नव्हतं वर." मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. शेवटच्या दोन ओळी मी पुन्हा वाचल्या. एकटीच होती. दुसरी कोणी नव्हती. वयाने मोठी, विदर्भाकडची, चूक झाली की रागावणारी. त्या मुलाने तिला बरोबर ओळखलं होतं. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ती नाही असं लेखी मी पहिल्यांदाच वाचत होते, आणि तेही माझ्याच हट्टाने लिहून घेतलेलं.

अक्कांना काही कळेना. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळाने मी पदराने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि कीबोर्डवर हात ठेवले.

"अगं बावळट," मी मोठ्याने म्हटलं, "काहून रडून राहिली?"

मग होकार लिहायला घेतला.